विकत घेतलेली भाजी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नाने आटोपली की आमच्या घरी माळ्यावरून एक सतरंजी खाली उतरते. तांबड्या-निळ्या पट्ट्यांची आहे, एका कोपऱ्यावर विरली आहे, आणि फराळाला सारे घर तिच्यावरच बसते. नातवंडांना ती टोचते. त्यांना खुर्च्या हव्या असतात. पण सतरंजीचा मान सतरंजीला, असा आमच्या सौभाग्यवतींचा हुकूम आहे आणि तो मोडण्याची छाती घरात कोणाची नाही. ही सतरंजी आनंदवनातल्या मागावरची. ती पहिल्यांदा घरात आली तेव्हा माझी आजी जिवंत होती, आणि सतरंजीवर बसावे की नाही याचा विचार करायला तिने दोन दिवस घेतले होते!

वाचकांना नवल वाटेल. पण त्याआधी काही वर्षे हीच आजी आनंदवनातली भाजी घरात शिरू देत नव्हती. ती कशी बदलली हे सांगायचे तर जरा मागे जावे लागेल.

माझे बालपण वरोऱ्यात गेले. आमचा जिल्हा तेव्हा चांदा म्हणून ओळखला जाई, आणि 1956 पर्यंत तर आम्ही मध्य प्रदेशात होतो. गाव कापसाच्या बंड्यांचे आणि उन्हाळ्यात अंगाची लाही करणाऱ्या उन्हाचे. या गावच्या नगरपालिकेत मुरलीधर देविदास आमटे नावाचे एक वकील उपाध्यक्ष होते. हिंगणघाटला 1914 साली जन्मलेले, खात्यापित्या जमीनदार घरचे. सफाई कामगारांचे गाऱ्हाणे ऐकून ते थांबले नाहीत, स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेऊन फिरले. अशाच एका पावसाळी दिवशी त्यांना रस्त्याच्या कडेला एक चिंध्यांचे गाठोडे दिसले. जवळ गेल्यावर कळले, की तो माणूस आहे. बोटे झडलेला, जखमांत किडे पडलेला महारोगी. नाव तुळशीराम. आणि ज्यांच्या धाडसाच्या कथा गाव सांगे ते आमटे वकील तिथून भिऊन पळाले.

पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाबा आमटे म्हणू लागला. त्यांच्या चरित्रातला हा पळून जाण्याचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तो त्यांनी कधी लपवला नाही. ते परत फिरले, तुळशीरामावर आडोसा उभारला, तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. मग कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले. 1949 साली वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन झाली.

असे काम करणारे ते पहिलेच होते असे मात्र नव्हे. आमच्या विदर्भाला या बाबतीत मोठी परंपरा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 सालीच कुष्ठधाम काढले होते. सेवाग्रामला गांधीजी स्वतःच्या हातांनी परचुरेशास्त्र्यांच्या जखमा धूत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली तपोवन उभारले. औषधही हाताशी आले होते. नॉर्वेच्या हॅन्सेनने 1873 साली या रोगाचा जंतू दाखवून हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे हे सिद्ध केले होते, आणि 1940 नंतर सल्फोन जातीच्या औषधांनी रोगी बरे होऊ लागले होते.

खरी अडचण इथेच सुरू होते. रोगी बरा झाला, पुढे काय? जंतू मेले तरी मेलेल्या नसा परत येत नाहीत. हाताला चटका लागलेला कळत नाही, टोचलेले कळत नाही, बोटे आत वळतात. घर दार उघडत नाही. मग बऱ्या झालेल्या माणसाने करायचे काय, तर देवळाच्या पायरीवर जाऊन पुन्हा वाडगे पुढे करायचे! याच सुमारास तिकडे दक्षिणेत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड अशा वळलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती सरळ करीत होते. त्यांच्याकडे बरे झालेले काही रोगी परत येऊन तक्रार करू लागले, की या सरळ हातांवर कोणी भीक घालीत नाही. डॉक्टरांनी त्याचा अर्थ ओळखला आणि 1951 साली रोग्यांना सुतारकामासारखे हुन्नर शिकवणारे केंद्र काढले.

त्याच 1951 साली बाबा आमटे, साधनाताई, त्यांचे दोन लहान मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा एवढे बिऱ्हाड वरोऱ्याबाहेरच्या माळावर राहायला गेले. सरकारने दिलेली 50 एकर जमीन. तीत दगड, काटेरी झुडपे आणि साप-विंचू. जवळ रोकड रुपये 14. उन्हाळ्यात खडकावर पहार मारीत त्यांनी विहीर खणायला घेतली. ज्याच्या हाताला बोटे नाहीत त्याने पहार कशी धरायची, हा प्रश्न कुठल्या पुस्तकात सोडवलेला नव्हता. दांड्याला चिंध्या गुंडाळायच्या, मूठ जाड करायची, आणि संध्याकाळी प्रत्येकाने आपले तळहात डोळ्यांनी तपासायचे, कारण फोड आला हे सांगायला वेदना उरलेली नाही. एकाचे हात धड तर दुसऱ्याचे पाय धड. दोघे मिळून एक गडी. पाणी लागले. भाजीपाला झाला, दूध झाले; खाऊन उरू लागले.

उरले ते विकायला गावात आले, आणि गावाने घेतले नाही.

मला आठवते ते इथून. मी सहा-सात वर्षांचा असेन. सकाळी बंडी येई. भेदरं, वांगी, सांभाराच्या जुड्या. आमच्या आजीचे शब्द अजून कानात आहेत: "दया येते वं सूनबाई, मी काय नाही म्हणते? शेर-दोन शेर जवारी पाठवून दे त्याहिले. पण त्यायची भाजी माह्या चुलीवर नको." एकदा आईने चोरून वांगी आणली. आजीला सुगावा लागला. वांगी उकिरड्यावर गेली, टोपली विसळून उन्हात पडली. आजी दुष्ट नव्हती. दारी आलेला भिकारी तिने कधी विन्मुख धाडला नाही. तिचा हात देताना सैल होता. घेताना मात्र आखडत होता. साऱ्या गावाचे तसेच होते. दान द्यायला कोणी ना म्हणत नव्हते. दाम द्यायला कोणी तयार नव्हते.

ही कोंडी फुटली ती परदेशी पाहुण्यांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेझोल या शांततावादी गृहस्थांनी सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल नावाची संस्था काढली होती. लढाईऐवजी श्रमाने देश जोडावेत, हा तिचा हेतू. पन्नाशीच्या दशकात या संस्थेची तरुण मंडळी आनंदवनात राहायला आली आणि रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी दवाखान्याच्या इमारती बांधल्या. गोरी गोरी पोरे-पोरी महारोग्यांच्या पंक्तीला बसून तीच भाजी-भाकरी खातात, ही बातमी वरोऱ्यात वणव्यासारखी पसरली. साहेब खातो आणि त्याला काही होत नाही! आपल्या शेजाऱ्याच्या शेतातले वांगे निर्धोक आहे हे आम्हाला युरोपातल्या माणसाने खाऊन दाखवावे लागले. असो. हळूहळू गिऱ्हाईक लागले. आणि एका सकाळी मी पाहिले, तर आजी स्वतः बंडीपाशी उभी राहून वांग्यांच्या भावावर हुज्जत घालीत होती. बंडीवाल्याने एक पैसा कमी केला नाही. आजी फणफणत, पण टोपली भरून घरात आली.

पुढचा पसारा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून धावतेच सांगतो. हातमाग आले, छापखाना आला, सुतारशाळा, लोहारकाम आले. अंध मुलांची शाळा निघाली. अपंगांना हुन्नर शिकवणारे संधिनिकेतन निघाले, म्हणजे काम केवळ कुष्ठमुक्तांपुरते उरले नाही. 1967 साली मूलजवळच्या सोमनाथच्या जंगलात कुष्ठमुक्तांनी धानाची शेती उभी केली. 1973 साली भामरागडच्या रानात हेमलकशाला माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. 1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा निघाल्यावर तो भाग तिकडे गेला. बाबांना 1985 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 9 फेब्रुवारी 2008 रोजी ते आनंदवनातच गेले.

या साऱ्यात माझ्या लेखी सर्वांत मोठी इमारत कोणती, तर आनंद निकेतन महाविद्यालयाची. 1964 साल होते. वरोऱ्याच्या पोरांना मॅट्रिकनंतर नागपूर किंवा चांदा गाठावे लागे, आणि ज्यांची ऐपत नसे ती दुकानात बसत. कुष्ठमुक्तांनी बांधलेल्या कॉलेजात धडधाकट माणसांची मुले शिकायला गेली. त्यांत मी एक. वडिलांनी फी कशी भरली ते मी कधी विचारले नाही. पण माझी पदवी ही त्या थोट्या हातांची कमाई आहे, हे मला चांगले ठाऊक होते. निदान, ठाऊक आहे असे मी समजत होतो.

कारण पुढे एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. मी एका शाळेत इतिहास शिकवीत असे. शाळेचे नाव सांगत नाही. 1978 च्या सुमारास कारकुनाची जागा निघाली. मुलाखतीला एक तरुण आला. बी. ए. झालेला, अक्षर मोत्यासारखे, रोग पूर्ण बरा झाल्याचा दाखला फाईलला लावलेला. उजव्या हाताची दोन बोटे वळलेली. अर्ज त्याने समोर बसून लिहून दाखवला. तो बाहेर गेल्यावर कोणीतरी म्हणाले, "पालक काय म्हणतील?" कोणी म्हणाले, "त्याला आनंदवनात काम मिळेलच की!" मी त्या खोलीत बोलायला हवे होते. माझ्याइतका अधिकार तिथे दुसऱ्या कोणाचा नव्हता. मी गप्प बसलो. ठरावाच्या कागदावर माझी सही आहे.

तेव्हापासून मला एक शंका छळते. आनंदवनाने काम दिले, घर दिले, लग्ने लावली. पण त्यामुळे बाहेरच्या आम्हा लोकांची सोय झाली नाही ना? वेस तशीच राहिली. फक्त वेशीबाहेर एक सुंदर गाव वसले आणि आम्ही तिथे पाहुणे होऊन जाऊ लागलो. हा दोष आनंदवनाचा नव्हे. बाबांनी तर 1985 साली अपंग तरुणांसह कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली, ती काही कुंपणात राहण्यासाठी नव्हे.

कायदाही आमच्याच चालीने चालला. 1995 च्या कायद्याने कुष्ठमुक्तांना अपंगांच्या यादीत घेतले, 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत वाटा दिला. पण रोग्यांना डांबून ठेवू पाहणारा 1898 चा इंग्रजी कायदा पुस्तकातून पुसला गेला तोही त्याच 2016 साली! आणि कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागण्याचा हक्क रद्द व्हायला 2019 उजाडले. रोग तर बहुविध औषधांनी सहा महिन्यांत किंवा वर्षात बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. तरी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशात निघतात, आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातही निघतात. वेळेवर औषध मिळाले तर बोटे वळतही नाहीत. पण अंगावर चट्टा दिसला की माणूस आजही आधी तो झाकतो, डॉक्टरकडे मागाहून जातो. नोकरी जाईल ही भीती असते.

तो तरुण आता सत्तरीला आला असेल. एकदा, बऱ्याच वर्षांनी, नागपूरच्या गाडीत तो मला दिसला. एका छापखान्यात प्रुफे तपासतो म्हणाला. मला त्याने ओळखले होते, आणि तरी सरकून बसायला जागा दिली. हिंगणघाट येईपर्यंत आम्ही पावसापाण्याच्या गोष्टी बोललो. मला म्हणायचे होते ते मी तेव्हाही म्हणालो नाही. उतरताना त्याने विचारले, "गुरुजी, घरी दिवाळीचा अंक घेता ना? यंदाचा आमच्याकडे छापून झाला आहे. विकत घ्या बरं का, मागून वाचू नका."

मी तो घेतला. सतरंजीवर बसूनच वाचला.