अनेरकाठचा मुक्काम : तंबूआधी परवाना

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत राष्ट्रीय उद्यान नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, जलाशयाकाठी रात्र घालवण्याची हौस असणाऱ्या चोपडेकरांना जवळचे ठिकाण म्हणजे शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य. तापीला मिळणाऱ्या अनेर नदीवरील धरणाचा हा परिसर १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र ८२.९४ चौरस किलोमीटर आहे.

धरण दिसले की सहलीची जागा, असा सर्वसाधारण समज असतो. येथे तो चालत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेश करण्यास आणि तेथे राहण्यास परवाना लागतो. म्हणून दिवस ठरवण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी, रात्रीच्या मुक्कामाविषयी स्वतंत्रपणे विचारावे. मुक्कामास नकार मिळाल्यास चोपडा किंवा शिरपूर येथे उतरून पहाटे निघणे उत्तम. पक्षी पाहण्याची खरी वेळ तीच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पाणकावळे, बगळे, वारकरी यांच्या सोबतीला हिवाळ्यात चक्रवाकासारखे स्थलांतरित पाहुणे येतात. भेकर, चिंकारा, साळिंदर यांचीही येथे नोंद आहे; मात्र त्यांचे दर्शन होईलच असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा तंबूचा विचारही नको.

खरा प्रश्न विस्तवाचा आहे. हिवाळ्यातील खानदेशी सहल भरिताशिवाय पुरी होत नाही, आणि भरिताचे वांगे भाजायचे ते कपाशीच्या काड्यांवर! शेतात हे शोभते. अभयारण्यात मात्र जंगलास धोका पोहोचेल असा विस्तव पेटवणे किंवा जळता सोडणे कायद्याने निषिद्ध आहे. माघ-फाल्गुनात सागाची पाने गळून जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. वाऱ्याने उडालेली एक ठिणगीही त्यास पुरते. सबब भरीत घरीच किंवा शेतावर करून न्यावे. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असली, की चुलीची उणीव भासत नाही.

पिण्याचे पाणी चोपड्याहूनच भरून घ्यावे. परवानगी मिळालीच, तर तंबू वन कर्मचारी दाखवतील त्याच जागी, पाण्यापासून दूर ठोकावा. पाणी ओसरलेला काठ वरून कोरडा दिसला तरी खाली गाळ असतो. पोहण्यासाठी जलाशयात उतरू नये. प्लास्टिकची पिशवीसुद्धा मागे राहता कामा नये.