महाकपींच्या भेटीला

परभणी जिल्ह्यातील पेडगावच काय, मराठवाड्यातील कुठल्याही गावच्या रहिवाशाला काळतोंडे वानर आणि लालतोंडे माकड यांतील फरक सांगावा लागत नाही. या दोघांनाही शेपूट असते. शेपूट नसलेले आणि माणसाला अधिक जवळचे असलेले कपी मात्र महाराष्ट्रात आढळत नाहीत. गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांना महाकपी म्हणतात. यांपैकी पहिले तीन आफ्रिकेत, तर ओरांगउटान सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर राहतो.

पर्यटकांना सर्वाधिक आकर्षण असते ते पर्वतीय गोरिलाचे. तो कोणत्याही प्राणिसंग्रहालयात नाही. त्याला पाहण्यासाठी युगांडा, रवांडा किंवा काँगो येथील अरण्यातच जावे लागते. १९८१च्या गणनेत विरुंगा पर्वतराजीत हे गोरिला जेमतेम अडीचशे उरले होते. २०१८पर्यंत विरुंगा व बविंडी मिळून त्यांची संख्या हजारापलीकडे गेली. डायन फॉसी यांनी १९६७मध्ये सुरू केलेले संशोधन, कडक पहारा, पशुवैद्यकांची देखरेख आणि पर्यटनातून मिळणारा पैसा यांचा त्यात वाटा आहे.

हा पैसा थोडाथोडका नाही. रवांडात २०१७पासून एका परवान्यास १५०० डॉलर, तर युगांडात जुलै २०२४पासून ८०० डॉलर मोजावे लागतात. या उत्पन्नातील काही भाग अभयारण्यालगतच्या गावांना दिला जातो. एका कळपाला दिवसातून फक्त आठ पर्यटक, तेही एकच तास भेटू शकतात. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. चिखल-चढणीची वाट काही तास तुडवावी लागू शकते.

सर्दी-खोकला झालेल्यास परत पाठविले जाते, याचे कारण शास्त्रीय आहे. माणसाचे श्वसनरोग महाकपींना सहज जडतात आणि आपल्याला किरकोळ वाटणारा संसर्ग त्यांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच अंतर राखणे व मुखपट्टी बांधणे या अटी पाळाव्याच लागतात.

चिंपांझींसाठी युगांडातील किबाले आणि टांझानियातील गोम्बे ही अरण्ये प्रसिद्ध आहेत. गोम्बे येथे जेन गुडाल यांनी १९६०मध्ये अभ्यास सुरू केला. ओरांगउटानसाठी इंडोनेशियातील गुनुंग लेउसर आणि नावेतून पाहता येणारे तांजुंग पुटिंग ही ठिकाणे आहेत. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदाच पिलू देते. त्यामुळे जंगलतोडीने झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

युगांडाला जाणाऱ्या भारतीयांनी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी शासनमान्य केंद्रात घ्यावी. प्रमाणपत्र नसल्यास मायदेशी परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते.

एवढा खर्च न परवडणाऱ्यांसाठी देशातच एक पर्याय आहे. हुलॉक गिबन हा महाकपी नव्हे, लघुकपी. तथापि भारतात आढळणारा कपी तोच. आसाममधील जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यात पहाटे त्याच्या जोडीची साद दूरवर ऐकू येते. सुमारे २१ चौरस किलोमीटरचे हे वन लोहमार्गाने दुभंगले आहे. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही. रुळांवरून फांद्यांचा सलग मार्ग नसेल, तर पलीकडचे कुटुंब एकाकी पडते. महाकपींचा प्रश्नही हाच आहे: अरण्य सलग राहिले, तरच पाहुण्यांना यजमान भेटतील.