‘बॅक’ बटणाचा इतिहास : मार्गाची नोंद व तिची सत्यता

मोबाइलवरील ॲपमध्ये ‘बॅक’ बटण दाबले असता काय घडावे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी एक जुना वाद आहे : वापरणाऱ्याने आक्रमिलेल्या मार्गाची नोंद कोणी ठेवावयाची आणि ती खरी कशी राखावयाची? ह्या वादाचे टप्पे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. समजा, वरणगावचा एखादा खातेदार अशा सेवेत प्रथम जळगाव जिल्हा, मग भुसावळ तालुका, मग गाव व शेवटी गट क्रमांक निवडीत आहे. गट चुकला, म्हणून त्याने ‘बॅक’ दाबले. एक पायरी मागे यावे, एवढीच त्याची अपेक्षा. परंतु रचना सदोष असेल तर सारे ॲपच मिटते आणि जिल्ह्यापासून पुनश्च आरंभ करावा लागतो. असे का होते, ह्याचे उत्तर इतिहासात आहे.

१९८७ साली ॲपल कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘हायपरकार्ड’मध्ये मागे जाण्याची आज्ञा होती. १९९३ च्या ‘मोझॅक’ ब्राउझरमुळे तिचे बटण सर्वपरिचित झाले. त्यामागील तत्त्व भाकरींच्या चवडीसारखे आहे : शेवटी ठेवलेली भाकर प्रथम हाती येते. मागे येऊन नवा दुवा उघडला, की पुढची जुनी नोंद पुसली जाते. कॅटलेज व पिटकॉ ह्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पृष्ठे उघडण्याच्या एकूण क्रियांपैकी सुमारे ४१ टक्के ‘बॅक’च्या होत्या. तेव्हा हे बटण म्हणजे केवळ सोय नव्हे, तर वाचनाचे अर्धे अंग होते.

ही व्यवस्था एका गृहीतावर उभी होती : एक पायरी म्हणजे एक पृष्ठ. ‘नेटस्केप’च्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९६) एकाच पृष्ठाच्या अनेक चौकटी करण्याची सोय आली व त्या गृहीताला पहिला तडा गेला, ‘बॅक’ दाबताच वाचक चौकटींच्या साऱ्या मांडणीबाहेर फेकला जाई. ‘जीमेल’ (२००४) सारख्या सेवांनी पृष्ठ न बदलता त्यातील मजकूर बदलण्याची रीत रूढ केली. जेसी जेम्स गॅरेट ह्यांनी २००५ मध्ये ह्या रीतीला ‘एजॅक्स’ असे नाव दिले. वापरणारा दहा पायऱ्या चालून जाई. ब्राउझरच्या नोंदीत मात्र एकच पायरी उरे.

ह्यावर २०१० च्या सुमारास ब्राउझरांत उपाय आला व २०१४ च्या एचटीएमएल ५ च्या प्रमाणात तो समाविष्ट झाला. ‘पुशस्टेट’ ह्या आज्ञेने ॲप प्रत्येक खरी पायरी ब्राउझरच्या नोंदीत घालते. ‘बॅक’ दाबताच ‘पॉपस्टेट’ ही सूचना मिळते व ॲपने पूर्वस्थिती पुन्हा मांडावयाची असते. जेथे परत येणे इष्ट नाही, तेथे ‘रिप्लेसस्टेट’ने जुन्या नोंदीच्या जागी नवी ठेवता येते.

मोबाइलने ह्या प्रश्नात आणखी एक मालक आणला. २००७ च्या आयफोनवर ‘बॅक’ची कळ नव्हती, २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर ती होती. वेबवर आधारलेले ॲप अँड्रॉइडमध्ये ‘वेबव्ह्यू’ नामक आवरणात चालते, आणि बटणाचा इशारा प्रथम त्या आवरणाकडे जातो. आत मागे जाण्याजोगी पायरी आहे काय, हे निर्मात्याने तपासले नाही तर संपूर्ण पडदा मिटतो. आपल्या कल्पित खातेदाराचा घात येथेच होतो. ‘फोनगॅप’ व त्यातून निघालेले ‘कॉर्डोव्हा’ ह्यांनी हा इशारा ‘बॅकबटन’ ह्या नावाने ॲपच्या हाती दिला. त्याबरोबर जबाबदारीही दिली.

ह्या सत्तेचा दुरुपयोगही झाला. काही संकेतस्थळे खोट्या नोंदी घालून वाचकाला अडकवून ठेवू लागली. म्हणून वापरणाऱ्याच्या कृतीवाचून घातलेल्या नोंदी २०१९ पासून क्रोम ब्राउझर वगळू लागला. त्याच वर्षी अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीत पडद्याच्या कडेवरून बोट सरकविण्याची खूण आली. तेराव्या आवृत्तीपासून (२०२२) मागे काय आहे ह्याची झलक आधीच दाखविण्याची तरतूद होऊ लागली. अशी झलक दाखवावयाची तर नोंद आधीपासूनच खरी असावी लागते.

सारांश, ‘बॅक’ अडवून धरणे हा उपाय नव्हे. पैसे भरताना ‘बॅक दाबू नका’ अशी सूचना करणे म्हणजे रचनेतील उणिवेचा भार वापरणाऱ्यावर टाकणे होय. झालेला व्यवहार दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही, ही काळजी यंत्रणेनेच घ्यावयास हवी. जी पायरी माणसाच्या मनात पायरी आहे, ती नोंदीतही पायरी असावी. जी त्याच्या मनात नाही, ती नोंदीतही नसावी. गेल्या तीन दशकांतील सर्व दुरुस्त्या ह्या एकाच नियमाकडे परत आल्या आहेत.