आडवा वारा आणि वैमानिक

आजऱ्याच्या श्रोत्यांना आडव्या प्रवाहाविषयी आम्ही काय सांगावे? पावसाळ्यात हिरण्यकेशी भरली, की नावाडी नावेचे तोंड थेट पैलतीराच्या घाटाकडे धरीत नाही. तो ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळवितो, आणि नाव तिरकी जाऊन नेमकी घाटाला लागते. हलक्या विमानाच्या वैमानिकालाही आडव्या वाऱ्यात हेच करावे लागते. ही विद्या त्याला इतकी निकडीची कशी झाली, ते पाहू.

आरंभीचे विमानतळ म्हणजे मोकळी मैदाने. वारा जिकडून येई तिकडे तोंड करून विमान उडे आणि तसेच उतरे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते ‘पस मॉथ’ या छोट्या एकइंजिनी विमानातून. जवळ बिनतारी यंत्रही नव्हते. पण जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि ही टपालसेवा पुण्यास हलवावी लागे. पुढे विमाने जड झाली, पक्क्या धावपट्ट्या आल्या. चिखल गेला, परंतु दिशाही कायमची ठरून गेली. पट्टी हालत नाही आणि वारा ठरत नाही! मैदानाने दिलेली मोकळीक गेली; तिची भरपाई वैमानिकाच्या हातापायांनी करावयाची.

म्हणून पट्टी आखताना तेथील नेहमीचा वारा पाहतात. राजाराम महाराजांनी 1939 साली उभारलेल्या कोल्हापूरच्या विमानतळावरील आजची पट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. आपला पावसाळी वाराही बहुधा पश्चिमेचाच. तरीही वारा कधी तिरका होतोच. ताशी 20 मैलांचा वारा पट्टीशी 30 अंशांचा कोन करील, तर त्याचा आडवा जोर 10 मैलांचा.

उडताना दांडी वाऱ्याकडे झुकवून धावावयाचे, म्हणजे त्या बाजूचा पंख उचलला जात नाही; वेग वाढेल तशी ती सैल करावयाची. जमीन सुटली, की नाक किंचित वाऱ्याकडे. उतरताना नावेप्रमाणे तिरके यावयाचे. जमिनीजवळ वाऱ्याकडचा पंख थोडा खाली करून, विरुद्ध बाजूच्या पायाने सुकाणू दाबून नाक पट्टीच्या रेषेत आणावयाचे. वाऱ्याकडचे चाक आधी टेकते, मग दुसरे. आणि विमान थांबेपर्यंत हात ढिला सोडावयाचा नाही.

सुकाणू पुरते दाबूनही नाक रेषेत राहीना, तर तो वाऱ्याचा स्पष्ट नकार समजावा; पुन्हा वर चढून दुसरी पट्टी किंवा दुसरे गाव गाठावे. पूर पाहून नाव खुंट्याला बांधून ठेवणाऱ्या नावाड्यास आपण भित्रा म्हणत नाही. त्याच्या त्या शहाणपणावरच तर आपण नावेत पाय ठेवतो.