न झालेल्या प्रवासाचे भाडे

१/ ‘ब्रेंट वधारले’ अशी बातमी आली की आपल्याकडे पेट्रोलची चिंता सुरू होते. दूरच्या एखाद्या तेलाचा दर आपल्याला का लागू व्हावा? या प्रश्नाचा माग काढत १९२८ पर्यंत जावे लागते.

२/ त्या वर्षी स्कॉटलंडमधील अ‍ॅक्नाकॅरी किल्ल्यात शेलचे डेटर्डिंग, अँग्लो-पर्शियनचे कॅडमन आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलचे टीगल भेटले. बाजारातील वाटे गोठवून किंमतयुद्ध थांबवायचे, असे ठरले.

३/ त्याच काळात ‘गल्फ प्लस’ पद्धत रुजली. तेल कोठूनही येवो, किंमत एकच: मेक्सिकोच्या आखातातील अमेरिकी दर, अधिक तेथून ग्राहकाच्या बंदरापर्यंतचे जहाजभाडे.

४/ इराणचे अबादान मुंबईला किती जवळ! तरीही हिशेबात तेथील तेल जणू टेक्सासहून अर्धी पृथ्वी ओलांडून येई. न झालेल्या प्रवासाचे हे भाडे अखेर ग्राहकाच्या माथी बसे.

५/ दुसऱ्या महायुद्धात हाच भुर्दंड ब्रिटिश आरमारावर पडू लागला, तेव्हा ब्रिटनच्या लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला. मग भाडे इराणच्या आखातापासून मोजले जाऊ लागले. मूळ दर मात्र अमेरिकेचाच राहिला.

६/ १९६० मध्ये सोव्हिएत संघाने भारताला स्वस्त कच्चे तेल देऊ केले. देशातील विदेशी कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास नकार दिला. मंत्री केशवदेव मालवीय यांनी मात्र या देकाराच्या बळावर त्याच कंपन्यांकडून सवलत मिळवली. पर्याय हाती आला आणि ‘अटळ’ दर खाली उतरला.

७/ आजचा मानक दर ब्रेंटचा. उत्तर समुद्रातील हे क्षेत्र १९७१ मध्ये सापडले आणि २०२१ मध्ये तेथील उत्पादन थांबले. नाव मात्र टिकून आहे; त्याखाली आता शेजारच्या क्षेत्रांचे तेल मोजले जाते आणि २०२३ पासून टेक्सासचेही!

८/ भारताच्या कच्च्या तेलाची सरासरी किंमत ओमान-दुबई आणि ब्रेंट यांच्या दरांवरून काढतात. पंपावर येईपर्यंत त्यात डॉलरचा भाव, शुद्धीकरण, वाहतूक, वितरकांचे कमिशन आणि कर मिसळतात. मे २०२० मध्ये कच्चे तेल गडगडलेले असताना केंद्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे १० रुपयांनी, तर डिझेलवरील १३ रुपयांनी वाढवला. स्वस्ताईचा लाभ पंपापर्यंत पोहोचलाच नाही.

९/ मानक दर निसर्गनियम नव्हे; तो माणसांनी ठरवलेला संकेत आहे. म्हणून दर किती, याइतकेच तो कोणी, कोठून आणि कोणाच्या सोयीने मोजला, हेही विचारावे. अबादान ते मुंबई या छोट्या जलमार्गाचा इतिहास हेच शिकवतो.