श्रीनगर–लेह : अडीचशे किलोमीटरचे आकाश

श्रीनगर ते लेह हे हवाई अंतर सुमारे २५० किलोमीटर. श्रीनगर ते स्कार्दू त्याहून बरेच कमी, जेमतेम १५०. १९४८ साली ही दोन्ही ठाणी संकटात सापडली. जवळचे स्कार्दू पडले, दूरचे लेह वाचले. नकाशावर पट्टी ठेवून या घटनेचा उलगडा होत नाही.

त्या काळी श्रीनगरहून निघालेला काफिला झोजीला, द्रास, कारगिल असे टप्पे घेत पंधरवडाभराने लेहला पोहोचे. हिवाळ्यात झोजीला बर्फाखाली गडप होई. अशा ऐन हिवाळ्यात, फेब्रुवारी १९४८ मध्ये, गिलगिटकडून आलेल्या फौजांनी स्कार्दूला वेढा घातला. पुढचे लक्ष्य लेह असणार हे उघड होते आणि तेथे बचावाला मूठभर शिपाई होते. तेव्हा लाहौलचे पृथी चंद सुमारे ४० स्वयंसेवक जवानांसह बर्फातून झोजीला ओलांडून ८ मार्चला लेहला पोहोचले.

या तुकडीबरोबर सोनम नोरबू हे लडाखी अभियंता होते. लेहपर्यंत गाडीरस्ताच नसल्याने यंत्रे आणण्याचा प्रश्न नव्हता. नोरबूंनी लेहवासीयांना हाताशी धरून सिंधूकाठच्या माळावर, साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, धावपट्टी तयार केली. विमान येईल की नाही हे ठरण्यापूर्वीच त्याची जागा सिद्ध होती.

मे महिन्यात कारगिल पडले. श्रीनगरचा खुष्कीचा मार्ग तुटला. मनालीकडून एक खडतर पायवाट उरली, पण तिच्यावरून वेळेत कुमक येणे अवघड होते.

२४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान लेहला उतरवले. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. डाकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि वाटेतली शिखरे विमानाच्या नेहमीच्या उंचीपेक्षा वर होती. लोकांनी त्या ‘पक्ष्या’साठी गवत आणले, असा किस्सा आजही सांगितला जातो. किस्सा रंजक आहे. पण ज्यांनी धावपट्टीसाठी घाम गाळला, त्यांना ती कशासाठी आहे हे ठाऊक नसावे, हे पटत नाही. त्यानंतर गुरखा जवान विमानांनी येऊ लागले आणि लेह सावरले.

स्कार्दूला हे भाग्य लाभले नाही. वेढ्यातल्या शिबंदीपाशी विमान उतरवण्याजोगी सुरक्षित जागा नव्हती. अरुंद खोऱ्यात संथ डाकोटा नेणे धोक्याचे. म्हणून टेम्पेस्ट या लढाऊ विमानांतून रसद टाकली गेली, तीही अपुरी. मदतीला निघालेल्या तुकड्या पोहोचू शकल्या नाहीत. लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापा यांनी सहा महिने किल्ला लढवला. अखेर अन्न आणि दारूगोळा संपल्यावर १४ ऑगस्टला स्कार्दू पडले.

१ नोव्हेंबरला भारतीय लष्कराने झोजीलावर रणगाडे चढवून खिंड जिंकली. त्याच महिन्याच्या अखेरीस कारगिल परत मिळाले आणि श्रीनगर–लेह वाट पुन्हा खुली झाली. तोवर झोजीलावर पुढच्या हिवाळ्याचा बर्फ पडू लागला होता.