'रेड हेरिंग' : एका इंग्रजी वाक्प्रचाराची उगमकथा

वाक्प्रचाराचा अर्थ आणि त्याची उगमकथा या दोन भिन्न गोष्टी होत. अर्थ प्रयोगावरून ठरतो. उगमकथा पुष्कळदा त्या प्रयोगाचे समर्थन म्हणून मागाहून जन्मास येते. नित्य वापरातील इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ सांगताना आपण एखादी मनोरंजक कथाही सांगतो, आणि विद्यार्थी ती इतिहास म्हणून टिपून घेतात. अशा कथांवर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात 'रेड हेरिंग' या वाक्प्रचाराच्या आधारे केला आहे.

मूळ विषयावरून लक्ष उडावे म्हणून पुढे केलेला अप्रस्तुत मुद्दा, हा या शब्दांचा आजचा अर्थ. शब्दशः अर्थ 'लाल हेरिंग'. हेरिंग हा उत्तरेकडील समुद्रांतला मासा. तो भरपूर मीठ लावून दीर्घकाळ धुरावर धरला म्हणजे तांबूस होतो व त्याला उग्र वास येतो. कोशांतून व पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ सांगितली गेलेली उपपत्ती अशी की, शिकारी कुत्र्यांनी धरलेला माग सोडू नये या शिक्षणासाठी त्यांच्या वाटेवर हा मासा आडवा ओढीत असत. त्यावरून दिशाभूल हा अर्थ आला.

या उपपत्तीस आधार काय? टॉमस नॅश याने १५९९ मध्ये यार्मथ गावच्या लाल हेरिंगची स्तुती करणारी पुस्तिका लिहिली. तीत कुत्र्यांना वासावर आणण्याच्या कामी या माशाच्या कातड्यासारखे दुसरे काही नाही, असा आशय आहे. म्हणजे मासा येथे माग दाखविणारा आहे, चुकविणारा नव्हे. यापुढचा पुरावा जेरार्ड लँगबेन याच्या १६८५ च्या अश्वविद्येवरील प्रबंधाचा. मेलेले मांजर वा कोल्हा, आणि ते न मिळाल्यास लाल हेरिंग, जमिनीवरून ओढीत न्यावे व त्या वासावर कुत्रे सोडावेत, असे तो सांगतो. परंतु हेतू कुत्र्यांची परीक्षा घेण्याचा नाही. कुत्र्यांमागे धावण्याची सवय घोड्याला व्हावी, हा आहे. हा प्रबंध निकोलस कॉक्स याच्या मृगयेवरील ग्रंथास जोडून छापला गेला. पुढे त्यातील उल्लेख कॉक्सच्या नावावर गेला आणि संदर्भापासून तुटल्यामुळे त्याचा विपरीत अर्थ लावला गेला.

दिशाभुलीचा अर्थ प्रचारात आणण्याचे श्रेय विल्यम कॉबेट या पत्रकाराकडे जाते. १४ फेब्रुवारी १८०७ च्या 'पोलिटिकल रजिस्टर'मध्ये त्याने बालपणीची एक गोष्ट सांगितली : सशामागे लागलेल्या कुत्र्यांना आपण लाल हेरिंग ओढून भलतीकडे नेले. गोष्ट खरी असो वा कल्पित, ती सांगण्याचे प्रयोजन राजकीय होते. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीत गुंतून वृत्तपत्रांनी घरच्या महत्त्वाच्या प्रश्नांकडे पाठ फिरविली, हा त्याचा आक्षेप होता. १८३३ मध्ये त्याने हीच गोष्ट अधिक विस्ताराने पुन्हा सांगितली. जेराल्ड कोहेन व रॉबर्ट स्कॉट रॉस यांनी २००८ मध्ये ही पुराव्याची साखळी उलगडून दाखविली. तात्पर्य, शिकाऱ्यांच्या प्रथेतून वाक्प्रचार निघाला नाही. वाक्प्रचारामुळे त्या प्रथेचा समज दृढ झाला.

मुसळधार पावसासाठी 'मांजरे व कुत्री पडणे' असा जो इंग्रजी प्रयोग आहे, त्याचीही हीच कथा. गवती छपरात राहणारी जनावरे पावसाने घसरून खाली पडत, असे १९९९ मध्ये ई-मेलद्वारे पसरलेल्या एका निनावी मजकुरात सांगितले होते. परंतु १६५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेन्री व्हॉन याच्या काव्यसंग्रहात फेरीवाल्यांना हवे असलेले छप्पर हे वरून बरसणाऱ्या कुत्र्यामांजरांपासून मालाचे रक्षण करणारे आहे. ज्या छपराने त्यांना अडवायचे, त्याच छपरातून ती पडतील कशी?

येथे दोन नियम हाती येतात. पहिला, कथेचा काळ व प्रयोगाचा काळ स्वतंत्रपणे निश्चित करावेत. दुसरा, साधनग्रंथातील वाक्य त्याच्या संपूर्ण प्रकरणासह वाचावे. हे नियम केवळ इंग्रजीपुरते नाहीत. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, ही घटना निर्विवाद होय. परंतु 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, या गोष्टीस वाक्प्रचाराची लोकप्रियता हा पुरावा होऊ शकत नाही. माशाच्या बाबतीत झालेली चूक कोशातील एका नोंदीपुरती राहते. येथे मात्र एका व्यक्तीवर खुनाचा आरोप कायम होतो. म्हणून वाक्प्रचारास भाषेची साक्ष मानावे. इतिहासाचा पुरावा मानण्यापूर्वी त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे.